विहिरीतली अर्धी वीत: मोसंबी तोडून सीताफळ लावलेल्या एका शेताचं प्रकरण

पार्श्वभूमी

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं हे शेत. जायकवाडीचा डावा कालवा तालुक्यातून जातो, पण हे गाव कालव्याच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाणी, सुटल्याची बातमी तेवढी इथं पोचते. पाऊस सरासरी ६५० ते ७०० मिलिमीटर. या भागात सरासरीवर भरवसा ठेवून कुणी पेरत नाही, ती फक्त कागदावर कामाला येते.

शेतकऱ्याचं नाव देत नाही. गावात त्यांना अण्णा म्हणतात, इथंही तसंच म्हणू. पाच एकर रान, मध्यम ते हलकं, दोन फुटांखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. विहीर एकच, वीस फूट व्यासाची आणि पंचेचाळीस फूट खोल. २००१ साली अण्णांनी तीन एकरांवर वीस बाय वीस फुटांवर मोसंबी लावली, सव्वातीनशेच्या वर झाडं. उरलेल्या दोन एकरांत कापूस, तूर, नंतर सोयाबीन.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही मोसंबीसुद्धा पाण्याच्या टंचाईवरचा उपाय म्हणूनच आली होती. १९९०-९१ पासून राज्यात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना सुरू झाली. दरवर्षी नांगरट, पेरणी आणि दुबार पेरणीचा जुगार खेळण्यापेक्षा फळझाड बरं, ही समजूत तेव्हापासून गावोगावी रुजली. झाडाची मुळं खोल जातात, ठिबकावर पाणी कमी लागतं, हेही खरंच. जालन्याची मोसंबी पुढे भौगोलिक मानांकनापर्यंत गेली. त्यामुळे २००१ मध्ये अण्णांनी काही वेडेपणा केला असं मला वाटत नाही. २००७ ते २०११ ही पाच वर्षं बागेनं घर चालवलं, मुलीचं लग्न केलं, मुलाला आयटीआयपर्यंत शिकवलं.

अडचण

२०१२ चा पाऊस गेला. डिसेंबरात विहिरीत तळाला दीड परस, म्हणजे दीड माणूस खोल, पाणी होतं.

मोसंबीला वर्षातून एक बहार धरायचा असतो. आंबे बहार धरला तर डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, जानेवारीत पाणी देऊन ताण सोडायचा, फुलं येतात आणि फळ दिवाळीच्या सुमाराला उतरतं. म्हणजे फळ पोसायचं ते ऐन उन्हाळ्यात. मृग बहारात ताण एप्रिल-मेमध्ये बसतो आणि फूल पावसावर येतं, पाण्याच्या दृष्टीनं तो सोयीचा. पण दर आणि सवय या दोन्हींमुळे अण्णा आंबे बहारच धरत आले होते. जानेवारी २०१३ मध्येही त्यांनी ताण सोडला. विहीर दिसत होती, तरी सोडला. या प्रकरणातला पहिला निर्णय तो, आणि तो निर्णय म्हणून घेतलाच गेला नव्हता. दरवर्षी संक्रांतीच्या आसपास पाणी सोडतात, म्हणून सोडलं.

फेब्रुवारीच्या शेवटी विहीर आटली. दोन बोअर घेतले. एकाला धूळ निघाली, दुसरं आठ दिवस चाललं. मग टँकर.

पोसलेल्या मोसंबीला उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं. सव्वातीनशे झाडांना तेहतीस हजार लिटर झालं, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर रोज. अण्णांना परवडत होता एक, पंधराशे रुपयांचा. तो सगळ्या झाडांना सारखा वाटला, प्रत्येकी तीस लिटर. पंचाहत्तर दिवस. सोसायटीचं कर्ज थकलेलं, म्हणून काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या पत्नीच्या, पाटल्या गहाण पडल्या.

काकूंनी त्या उन्हाळ्याचं एक सांगितलं. टँकर संध्याकाळी यायचा. पाणी आळ्यात पडलं की जमीन ते आवाज करत प्यायची, आणि कंदील घेऊन दुसऱ्या ओळीला जाऊन परत येईस्तोवर पहिल्या ओळीची आळी कोरडी दिसायची. "वाटायचं, पाणी दिलंच न्हाई की काय."

जूनमध्ये पाऊस आला तेव्हा सव्वातीनशेतली एकशे चाळीस झाडं फुटली. त्यांनाही २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनं झोडपलं. मग २०१४ आणि २०१५, सलग दोन पावसाळे तुटीचे. ज्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या २०१६ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर बागेत सत्तर झाडं उरली होती आणि त्यांतली निम्मी शेंड्याकडून वाळत चालली होती.

मी या शेतावर पहिल्यांदा गेलो तो फेब्रुवारी २०१६ मध्ये. अण्णांनी विहिरीजवळची बारा झाडं सोडून बाकी सगळी तोडायला काढली होती. मी विचारलं, थोडी थांबवता आली नसती का? ते म्हणाले, "साहेब, कापूस असता तर यंदा वावर पडीक ठेवलं असतं. झाडाला पडीक कसं ठेवायचं?"

झाडाच्या शेतीतली खरी अडचण हीच आहे, आणि फळबागेचे फायदे सांगताना ती बहुतेक वेळा गाळली जाते. हंगामी पिकात वाईट वर्षी शेतकरी पेरत नाही. त्या वर्षाचं उत्पन्न बुडतं, पण भांडवल राहतं. झाडाला त्या वर्षीही जगवावं लागतं. म्हणून झाड निवडायचं ते सरासरी पावसावर नाही, सगळ्यात वाईट मे महिन्यावर.

समोर असलेले पर्याय

मुलगा वाळूजला कंपनीत होता, तो सुट्टी काढून आला. भावकीतले दोघे-तिघे, मी आणि अण्णा असे ओट्यावर बसलो. चर्चा शांतपणे झाली असं म्हणता येणार नाही.

मुलाचं म्हणणं शेततळ्याचं. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, प्लास्टिकचा कागद टाकून. पावसाळ्यात विहिरीचं पाणी उचलून त्यात साठवायचं आणि पुन्हा मोसंबीच लावायची. याच जिल्ह्यात कडवंची गावानं शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षं पिकवली, हे त्याचं उदाहरण. उदाहरण खरं आहे. पण कडवंचीत तळ्यांच्या आधी पाणलोटाचं काम झालं, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी मुरवलं गेलं. इथं तसं काही नव्हतं. इथं तळं म्हणजे जमिनीतलं पाणी शेजाऱ्याच्या आधी उपसून उन्हात मांडून ठेवणं. आमच्याकडच्या मार्च ते मेमध्ये उघड्या तळ्यातून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडतं, तीन महिन्यांत पाऊण मीटर आणि वर. शिवाय अण्णा आणखी कर्ज काढायला तयार नव्हते. पर्याय तिथंच पडला.

डाळिंबाचं नाव निघालं. तेल्या रोग आणि फवारण्यांचं वेळापत्रक ऐकून तेही मागे पडलं. आवळ्याचं नाव निघताच चुलतभाऊ हसले. त्यांनी योजनेतून आवळा लावला होता, झाडं दणकून वाढली, फळंही लगडली, आणि घ्यायला कुणी नाही म्हणून स्वतःच्या हातानं तोडली. पाण्यावाचून तगतं एवढ्यावर झाड निवडलं की असं होतं.

झाडच नको, तिन्ही एकर सोयाबीन-तुरीखाली घ्या, हा पर्याय माझा होता. आजही तो चुकीचा होता असं मला वाटत नाही. अण्णांना तो पटला नाही, कारण घरात काम करणारी माणसं दोनच आणि दोघंही पन्नाशीपुढची. झाडांचं काम झेपतं, पाच एकरांची खुरपणी झेपत नाही.

राहिली सीताफळ, बोर, चिंच. बीडच्या बालाघाटात, धारूरच्या डोंगरात सीताफळ कुणी न लावता येतं. ते उन्हाळ्यात पानं गाळून निजतं आणि पाऊस पडला की नव्या फुटीबरोबर फुलतं. म्हणजे ज्या महिन्यांत विहीर रिकामी, त्याच महिन्यांत झाडाची मागणी सगळ्यात कमी. पाला कडू, शेळी तोंड लावत नाही, कुंपणाचा खर्च वाचतो.

पण किती झाडं? या प्रश्नाला आम्ही तीन महिने थांबलो. अण्णांच्या मुलाला दोराला वीतभर अंतरावर गाठी मारायला सांगितलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात विहिरीच्या तळाचं पाणी पंपानं पूर्ण उपसलं आणि चोवीस तासांनी दोर सोडून पाहिलं. पाणी अर्धी वीत चढलं होतं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत अर्धी वीत म्हणजे तीन हजार लिटरच्या आसपास. घर आणि जनावरं पाचशे, राहिले अडीच हजार.

सीताफळाच्या लहान रोपाला उन्हाळ्यात चौथ्या दिवशी दहा लिटर पुरतात. पाच बाय पाच मीटरवर एकरी १६० झाडं, दोन एकरांत ३२०. दिवसाला आठशे लिटर. विहिरीजवळची बारा मोसंबी ठेवायची तर आणखी बाराशे. बेरीज दोन हजार, पाचशे हाताशी. गणित बसलं. मोसंबीची सत्तर झाडं ठेवली असती तर एकट्या त्यांनाच सात हजार लागले असते.

तिसरा एकर मुद्दाम झाडांविना ठेवला. पाऊस बरा असेल तर सोयाबीन, नाहीतर पडीक.

काय केलं

मे महिन्यातच दोन फुटी खड्डे घेतले, तापू दिले. खड्ड्यांची मजुरी रोजगार हमीतून निघाली, फक्त मस्टरसाठी, म्हणजे हजेरीपटासाठी, तीन-चार खेपा झाल्या. शेणखत आणि वरची पोयट्याची माती भरून जुलैत सीताफळाची बाळानगर जातीची कलमं लावली. बांधावर दहा-दहा मीटरवर तीस ठिकाणी चिंचोके टोकले. चिंचेचं रोप पिशवीतून आणून लावलं की सोटमूळ पिशवीच्या तळाशी वळलेलं असतं. जागेवर बी लावलं की मूळ सरळ खाली मुरमात जातं. कलम नंतर त्याच रोपावर बांधायचं. याला दोन वर्षं जास्त लागतात, आणि अण्णांना घाई नव्हती.

पहिली दोन वर्षं आंतरपीक म्हणून मूग-उडीद घेतलं. तिसऱ्या वर्षी, २०१८ मध्ये, अण्णांनी मला न विचारता ओळींमध्ये तूर टाकली. तूर डोक्याबरोबर वाढली आणि दिवाळीपर्यंत जमिनीतली सगळी ओल तिनं पिऊन घेतली. नेमका तोच पावसाळा तुटीचा.

मे २०१९ मध्ये पुन्हा दोर सोडला. या वेळी पाणी पाव वीत चढलं, दीड हजार लिटर. २०१६ पेक्षा वाईट मे येणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

आता पाणी कुणाचं कापायचं हा प्रश्न होता, आणि २०१३ सारखं सगळ्यांना सारखं वाटायचं नाही, एवढं अण्णांनी आधीच ठरवलं होतं. जनावरांचं तसंच ठेवलं. सीताफळांचं चौथ्याऐवजी सहाव्या दिवसावर नेलं, म्हणजे रोज साधारण साडेपाचशे. उरलेल्या साडेचारशेत बारा मोसंबी. मोसंबीची फांद्यांची जड छाटणी केली, खोडांना मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, पानांवर केओलिन या पांढऱ्या मातीचा मारा दिला. चुलतभावानं कारखान्याकडच्या पाहुण्यांकडून उसाचं पाचट आणलं, ते सगळ्या आळ्यांत वीतभर जाड पसरलं. पाचट नसतं तर बाकीच्या उपायांचा किती उपयोग झाला असता, मला शंका आहे.

मेअखेर मी गेलो तेव्हा दोन एकरांत एक हिरवं पान नव्हतं. रस्त्यानं जाणारा म्हणेल, बाग गेली. काकू मला एका झाडापाशी घेऊन गेल्या आणि अंगठ्याच्या नखानं सालीवर ओरखडा काढला. आत पोपटी ओल होती. पुढच्या झाडाला ओरखडा, तिथंही तसंच. त्या रोज पाच-दहा झाडं अशी तपासत होत्या. जिथं नखाखाली तपकिरी निघालं, त्या झाडाच्या आळ्यात दगड ठेवायच्या, म्हणजे पाणी देणाऱ्याला कळावं की इथं वाया घालवू नये.

जुलैत मोजदाद केली. ३२० पैकी २१ सीताफळं गेली. मोसंबी बारापैकी चार.

चिंचेचं तेवढं सरळ झालं नाही. २०१८ च्या पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्राच्या ‘प्रतिष्ठान’ जातीच्या काड्या आणून शेंडा कलम केलं. रोपं उघड्या बांधावर होती, वाऱ्यानं बांधणी हलली आणि तिसातली एकोणीसच जमली. उरलेली अकरा गावरानच ठेवली आहेत.

निष्पत्ती

२०२० च्या पावसाळ्यानंतर पहिलं फळ आलं आणि त्याबरोबर एक जुनी फसवणूकही उघडी पडली. बाळानगर म्हणून घेतलेल्या कलमांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा बाळानगर नव्हताच. फळं लहान, बिया दाट, गर पिठाळ. रोपवाटिकेची पावती साध्या कागदावरची होती, त्यावर जातीचा उल्लेख नव्हता. चार वर्षं झाडाला पाणी घातल्यावर हे कळतं. हंगामी पिकात बियाणं फसवं निघालं तर चार महिन्यांत समजतं.

२०२१ मध्ये सप्टेंबरात मराठवाड्यात इतका पाऊस झाला की फळं झाडावरच काळी पडली, फुटली. दुष्काळासाठी निवडलेलं झाड अतिवृष्टीत गेलं, याचं अण्णांना हसू आलं होतं, निदान माझ्यासमोर तरी.

२०२२ चांगलं गेलं. चांगल्या जातीच्या दोनशे झाडांपासून सरासरी पंधरा किलो, म्हणजे तीन टन. प्रतवारी केलेला माल पुण्याला, बारीक आणि डागी माल गर काढणाऱ्यांना. सरासरी किलोला चाळीस रुपये पडले, एक लाख वीस हजार. खर्च चाळीस हजारांच्या घरात. मोसंबी ऐन भरात असताना त्याच रानातून चांगल्या वर्षी दोन लाखांच्या वर निघायचे, त्यामुळे हे उत्पन्न कमीच आहे. सीताफळानं अण्णांना श्रीमंत केलं, अशी गोष्ट कुणी लिहिली तर ती खोटी समजा. मुलाचा वाळूजचा पगार नसता तर २०१६ ते २०२० ही बिनफळाची वर्षं निभली नसती.

काढणीचं काम नाजूक. फळाचे डोळे उघडले, खाचांमध्ये पिवळसर झाक आली की तोडायचं. एक दिवस आधी तोडलं तर पिकत नाही, एक दिवस उशीर झाला तर झाडावरच उकलतं. तोडल्यावर तीन-चार दिवसांत खाऊन संपायला हवं. ऑक्टोबरात गावातला छोटा टेम्पो दोन दिवस बंद पडला होता, तेव्हा वीस क्रेट माल ओसरीतच मऊ पडला. गल्लीतली पोरं खूश होती.

ऑगस्ट २०२३ कोरडा गेला. मोकळ्या एकरातलं सोयाबीन फुलोऱ्यातच करपलं. सीताफळाची फळं बारीक राहिली, पण राहिली. आणि त्या मार्चमध्ये कलमी चिंचेच्या पाच-सहा झाडांना पहिल्यांदा मोजण्यासारख्या शेंगा लागल्या. काकूंनी त्या घरीच फोडल्या.

वेगळं काय करता आलं असतं

जानेवारी २०१३ मध्ये ताण सोडायला नको होता. तो मोडला नसता तर बहार गेला असता, पण फळांचं ओझं नसलेलं झाड कमी पाण्यावर तगतं. आणि टँकर घ्यायचाच होता तर शंभर झाडं निवडून त्यांना पुरेसं पाणी देऊन बाकीची सोडायला हवी होती. दहा हजार लिटरमध्ये शंभर झाडं पोसली गेली असती. अण्णांना हे आज मान्य आहे, पण ते म्हणतात, "कोन्त्या दोनशेला मरा म्हणायचं, ते सांगा." हे उत्तर कृषिशास्त्रात नाही. वेळेवर, म्हणजे डिसेंबरातच, विहीर मोजली असती तर निदान प्रश्न लवकर पडला असता.

कलमांच्या बाबतीत चूक माझीही आहे. पावती, जात, मातृवृक्ष कुठला, हे विचारायला मी सांगायला हवं होतं. अंबाजोगाईला विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे, तिथून काड्या आणून स्वतःच्या खुंटांवर कलमं बांधता आली असती. खात्रीचा माल मिळाला असता, वर्षभर उशीर झाला असता इतकंच.

सगळं सीताफळ एकाच वेळी येतं, तेही आसपासच्या सगळ्या गावांबरोबर. पन्नास-साठ बोरीची झाडं असती तर हिवाळ्यात थोडा पैसा आला असता आणि काढणीची धावपळ वाटली गेली असती. बोराचं नाव ओट्यावर निघालं होतं, काट्यांमुळे काकूंनी नकार दिला. तोडणी त्याच करणार होत्या, त्यामुळे तो नकार मी तेव्हा योग्य धरला आणि आजही धरतो.

बांधावरची चिंच मात्र २००१ मध्येच लावायला हवी होती. तिला ना रान लागलं असतं, ना पाणी.

एक निर्णय अजून लटकलेला आहे. सीताफळाला एप्रिल-मेपासून पाणी दिलं तर बहार लवकर येतो आणि माल बाजारात गर्दीच्या आधी जातो. शेजारच्या गावात एकानं शेततळ्यावर दोन हजार झाडं अशीच धरली आहेत. निजणारं झाड ऐन उन्हाळ्यात जागं केलं की ते कोरडवाहू राहत नाही, हे मी अण्णांच्या मुलाला दोनदा सांगितलं. तरी २०२३ मध्ये त्यांनी साठ झाडांवर करून पाहिलं आणि त्या मालाला किलोमागे पंचवीस रुपये जास्त मिळाले. आता मुलाला दीडशे झाडांवर करायचं आहे.

अण्णा हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. गाठींचा तो दोर अजून विहिरीच्या कठड्याला खिळ्यावर टांगलेला असतो. गेल्या खेपेला मी पाहिलं तर सगळ्यात खालच्या दोन गाठींच्या मधोमध कुणीतरी लाल चिंधी बांधली होती. काकूंचं काम असणार. "चिंधीपर्यंत पाणी चढलं तर करू दे त्याला," असं अण्णा म्हणाले. चिंधी अर्ध्या वितीवर आहे.